तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांचं जमलं का?

नॅशव्हिल म्हणजे अमेरिकेतलं कंट्री संगीताचं गाव. तिथल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. बरीच वर्षं आम्ही त्या गाणी लिहायला आलेल्या मुलामुलींना भाड्याने देत होतो. सांगलीला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "ती गिटारवाली दोघं होती ना गं तुझ्याकडे? त्यांचं जमलं का?" मावशी विचारते तेव्हा तिला लग्नाचं विचारायचं असतं. भाचा विचारतो तेव्हा त्याला नाव झालं का, पैसा मिळाला का, हे हवं असतं. गंमत म्हणजे दोघांचाही शब्द एकच, 'जमलं'. आता मैत्रिणी आणि ओळखीचे लोकही विचारू लागलेत, म्हणून एकदा नीट सांगते.

ती कॅन्ससहून आली होती, तो अलाबामाचा. दोघंही तेविशीच्या आतबाहेर. ती सकाळी नाश्त्याच्या एका हॉटेलात वेट्रेसचं काम करायची, तो रात्री लोकांच्या गाड्या पार्क करायचा. मधली दुपार गाण्यांची. ओळख झाली ब्लूबर्ड कॅफेत, सोमवारच्या ओपन माइकला, म्हणजे कुणीही येऊन गावं अशा रात्री. हा कॅफे १९८२ पासून हिल्सबरो पाइकवर दुकानांच्या एका साध्या रांगेत आहे. बाहेरून पाहिलंत तर थांबणारही नाही. आत जेमतेम ९० माणसं बसतात आणि गाणं सुरू असताना कुणी कुजबुजलं तरी 'शूऽऽ' करून गप्प करतात. काही रात्री चार गीतकार खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि आळीपाळीने आपापलं गाणं म्हणतात. त्याला 'राउंड' म्हणतात.

आपल्याकडे गदिमा लिहायचे आणि बाबूजी चाल लावायचे. इथे तशी वाटणी नाही. दोघं-तिघं एका खोलीत बसतात, शब्द आणि चाल बरोबरच जन्माला येतात. त्या बैठकीला 'राइट', म्हणजे लिहिणं, म्हणतात आणि ती दाताच्या डॉक्टरांसारखी वेळ ठरवून होते, बहुधा सकाळी अकराला. बसायचं आणि समोरच्याला आपल्या आतलं खरं काहीतरी सांगायचं. आईने घर सोडलं ते, बाप प्यायचा ते. त्याशिवाय गाणं येतच नाही. तेविशीतली दोन माणसं आठवड्यातून तीनदा असं बसली, तर प्रेमात पडणार नाहीत तर काय?

ही दोघं पडलीच. वरच्या खोलीत गिटार घेऊन दोघांना बसायला जागा पुरायची नाही, म्हणून माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसायची. एका दुपारी मी भाजी निवडत होते आणि त्यांचं भांडण जुंपलं होतं. गाण्यात कुणीतरी दूर गेलेलं, घरातलं माणूस दाराबाहेरच्या ओट्यावरचा दिवा चालू ठेवतं. ओळ काय असावी? त्याचं म्हणणं, 'व्हेन'. तू परत आलास की. तिचं म्हणणं, 'इफ'. तू परत आलास तर. पाऊण तास त्या एका शब्दावर. तो म्हणाला, 'इफ' घातलंस तर दिवा लावण्यात अर्थच काय? ती म्हणाली, खात्री असती तर दिवा लावायला कशाला हवा होता? मग दोघंही गप्प झाली. भांडण गाण्याचं उरलं नव्हतं, हे मला भाजी निवडता निवडता कळलं. शेवटी 'इफ' राहिलं. दुसरं कडवं व्हायला मात्र पुढे महिना लागला.

चार महिन्यांनी त्यांचं मोडलं. का, ते मी इथे सांगणार नाही. तो त्यांचा प्रश्न.

मला सांगायचंय ते यापुढचं. अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे दोघांनी मिळून लिहिलेलं गाणं दोघांच्या मालकीचं, वेगळं काही ठरवलं नसेल तर निम्मं-निम्मं. आणि ती मालकी दोघांतलं मागे राहिलेलं माणूस गेल्यावरही ७० वर्षं टिकते. लग्न मोडता येतं, भाड्याचा करार संपतो, पण दिव्याचं ते गाणं तुमच्या नातवंडांपर्यंत तुम्हाला एकमेकांशी बांधून ठेवतं. पैसा म्हणाल, तर २००६ ते २०२२ पर्यंत गाण्याच्या विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे ठरलेला दर होता ९.१ सेंट. निम्मे प्रकाशकाला, म्हणजे गाण्याच्या हक्कांचा व्यवहार पाहणाऱ्याला, गेले की दोघांतल्या एकेकाच्या हाती सव्वादोन सेंट. भाचेबुवा, हे तुमच्यासाठी.

त्यासाठीही आधी 'कट' मिळावा लागतो, म्हणजे कुणा गायकाने ते रेकॉर्ड करावं लागतं. त्याआधी 'होल्ड'. म्हणजे गाणं आवडलंय, दुसऱ्या कुणाला देऊ नका, आम्ही कळवतो. कळवत बहुतेक वेळा नाहीत. यांचं गाणं आठ महिने होल्डवर होतं आणि एका दुपारी परत आलं. ती बातमी त्याला कळली तेव्हा दोघं एकमेकांशी बोलतही नव्हती. तरी तो आपल्या खोलीतून बाहेर आला आणि तिच्या दारावर टकटक करून त्याने ती स्वतः सांगितली. दुसऱ्या कुणाला ती बातमी तेवढी लागली नसती, म्हणून. मी स्वयंपाकघरात होते. तिच्या रडण्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ दोघांच्या बोलण्याचा.

या गावात प्रेम आणि गाणं दोन्ही टिकल्याची उदाहरणं आहेत. फेलिस आणि बूडलो ब्रायंट १९४५ साली मिलवॉकीच्या एका हॉटेलात भेटले. ती तिथे लिफ्ट चालवायची. लगेच लग्न केलं, १९५० मध्ये नॅशव्हिलला आले आणि हिशेबाच्या जाड वह्यांमध्ये गाणी लिहीत आयुष्य एकत्र काढलं. एव्हर्ली ब्रदर्स या गायक भावांच्या जोडीने गाजवलेली कितीतरी गाणी त्या वह्यांतली. पण मला जास्त जवळची वाटते ती डॉली पार्टन, स्वतःची गाणी लिहिणारी कंट्री गायिका. गायक पोर्टर वॅगनर यांच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात ती १९६७ पासून गात होती. ते प्रेमप्रकरण नव्हतं, पण एकमेकांत गुंतलेलं नातं होतंच. तिला बाहेर पडायचं होतं, त्यांना ते मान्य नव्हतं. वाद घालून उपयोग होईना तेव्हा तिने 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे गाणं लिहिलं: मी जातेय, पण तुमच्यावर माझी माया कायम राहील. १९७४ मध्ये ते कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायक एल्व्हिस प्रेस्लीच्या लोकांनी ते गाण्यासाठी प्रकाशनाचा निम्मा हक्क मागितला, तिने दिला नाही. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने गायलं आणि जगभर झालं. निरोप घेतानाही आपलं गाणं आपल्याजवळ ठेवणारी ही बाई मला फार मोठी वाटते. माझ्या दोन्ही भाडेकरूंना मी ही गोष्ट सांगायला गेले, तर त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली पाठ होती.

नॅशव्हिलला 'दहा वर्षांचं गाव' म्हणतात. इथे काही व्हायला दहा वर्षं लागतात, असा त्याचा अर्थ. बरीच मुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षी सामान बांधून घरी जातात आणि त्यांना हरलेली म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मी त्यांना पहाटे पाचला कामावर जाताना पाहिलंय, आणि आदल्या रात्री दोनला एक ओळ पुन्हा पुन्हा गाताना ऐकलंय.

ही दोघं राहिली. तिने पुढे दुसऱ्याच एका मुलाशी लग्न केलं, त्या लग्नात यानेच गिटार वाजवली. तो आता एका शाळेत संगीत शिकवतो. दिव्याचं गाणं एका गायिकेच्या अल्बमवर आलं, दहा गाण्यांतलं नववं. रेडिओवर ते कधी वाजलं नाही. पण एकदा राउंडमध्ये दोघांनी ते म्हटलं तेव्हा मी तीन हातांवर बसले होते. 'इफ'वर त्याने आवाज इतका खाली आणला, की तो शब्द तिच्या एकटीचाच ऐकू आला.

तेव्हा मावशी, लग्न म्हणशील तर नाही. पण दर मंगळवारी अकराला त्यांचा राइट असतो, बारा वर्षं झाली. गेल्या मंगळवारी तिच्याकडे बाळ झोपलं होतं, म्हणून दोघं माझ्या टेबलाशी येऊन बसली. मी दोनदा चहा केला. पहिलं कडवं सुंदर झालंय. दुसरं अजून अडलंय.