न उमटलेला तपकिरी रंग

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या प्रयोगशाळेत मी विकृतिशास्त्रज्ञ म्हणून काम करते, आणि गर्भपातानंतर तपासणीसाठी येणाऱ्या ऊतींच्या बाटल्या तिथे रोजच्याच असतात. जुलैतल्या त्या बाटलीसोबतची चिठ्ठीही नेहमीसारखीच होती: वय २६, पहिलीच खेप, आठवा आठवडा, सोनोग्राफीत गर्भाचे ठोके नाहीत. द्राक्षगर्भाची, म्हणजे वारेची ऊती विकृतपणे फुगून वाढण्याची, शंका कोणीच व्यक्त केली नव्हती आणि फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यांत द्राक्षांसारखे फुगे नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हते.

गर्भाची वाढ थांबल्यावर वारेच्या अंकुरांत पाणी साचणे नवीन नाही. तेव्हा अंकुर गोल होतात आणि त्यांच्यावरचा ट्रोफोब्लास्ट या आवरणपेशींचा थर पातळ होत जातो. या स्लाइडवर मात्र अंकुरांना गदेसारखे फुगवटे होते, आतला भाग निळसर दिसत होता, त्यात पेशीकेंद्रकांचा चुरा विखुरला होता आणि ट्रोफोब्लास्ट एका टोकाला न वाढता ठिकठिकाणी चहूबाजूंनी वाढला होता. ‘गर्भधारणेचे अवशेष आढळले’ एवढ्या एका ओळीवर असा अहवाल संपवणे मला कधीच पटलेले नाही. मी पी५७ या प्रथिनाची चाचणी लावली; ते असेल तिथे केंद्रके तपकिरी दिसतात. हे प्रथिन प्रामुख्याने आईकडून आलेल्या जनुकातून तयार होते आणि संपूर्ण द्राक्षगर्भात केंद्रकातली गुणसूत्रे फक्त वडिलांची असतात. दुसऱ्या दिवशी आईच्या डेसिड्युआतल्या, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरातल्या, पेशींची केंद्रके ठळक तपकिरी दिसत होती. अंकुरांच्या आत मात्र तो रंग उमटलाच नव्हता.

हा संपूर्ण द्राक्षगर्भ होता. मी लगेच तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन केला, कारण अशा रुग्णांपैकी सुमारे १५ ते २० टक्क्यांमध्ये उरलेला ट्रोफोब्लास्ट पुन्हा वाढू लागतो आणि रक्तातले बीटा एचसीजी हे गर्भधारणेचे संप्रेरक वेळोवेळी मोजल्याशिवाय ते वेळेत कळत नाही.

अहवाल न्यायला ती सासूबाईंसोबत आली. ती गप्प होती, सासूबाईंनीच विचारले, “डॉक्टर, हिने सुरुवातीला पपई खाल्ली होती, त्याने तर झालं नसेल ना?”

“नाही, काकू. हे बीज फळतानाच ठरलेलं होतं. तिच्या खाण्यापिण्याचा किंवा धावपळीचा याच्याशी काहीही संबंध नाही.”

तिने तेच वाक्य मला पुन्हा एकदा सांगायला लावले आणि मी सांगितले. त्यानंतर दर आठवड्याला ती रक्त द्यायला येत राहिली. बीटा एचसीजीचा आकडा ५ च्या खाली, म्हणजे सामान्य पातळीवर, उतरला त्या दिवशीही सासूबाई तिच्या शेजारी बसल्या होत्या.