सायकलवाल्याला थंडी नको, पाऊस द्या

मुंबईत सायकलचा सीझन कोणता विचारलं की सगळे डिसेंबर-जानेवारी म्हणतात, मला हे कधीच पटलेलं नाही. थंडीच्या सकाळी इथे वारा पडलेला असतो, खालची हवा गार आणि तिच्यावर उबदार थर, त्यामुळे धूळ-धूर सगळं जमिनीलगतच बसून राहतं, त्यात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मेट्रोचं काम, डंपर, माती... पवई तलावाच्या पलीकडचे डोंगरसुद्धा धड दिसत नाहीत. घरी येऊन रुमालाने नाक पुसा, कळेल मी काय म्हणतोय ते.

जूनचा पहिला पाऊस मात्र टाळायचा. रस्त्यावर साठलेलं ऑइल वर येतं, ब्रेक दाबला तरी चाक ऐकत नाही, पेव्हर ब्लॉकचं तर विचारूच नका. एकदा चांगला धुवून निघाला की मग रस्ता आपला.

माझा रूट कांजूरवरून आयआयटीचं गेट, मग तलाव, पुढे फिल्टरपाड्याकडून आरेत. तलावाला पूर्ण चक्कर मारता येत नाही. मध्ये सायकल ट्रॅकचं काम निघालं होतं, ते 2022 मध्ये हायकोर्टाने बेकायदा ठरवलं आणि खरं सांगू, सायकलवाला असूनही मला बरंच वाटलं, तिथे मगरी आहेत हो, त्यांनी ऊन खायला कुठे जायचं? तलाव 1891 चा, 545 कोटी लिटरचा, पण पाणी पिण्यालायक नाही. तरी भरून वाहायला लागला की ती बातमी लोक अशी फॉरवर्ड करतात जसं काय उद्यापासून नळाला जास्त पाणी येणारे. ते जातं मिठी नदीत.

आणि श्रावणातलं आरे! कडेला टाकळा गुडघ्यापर्यंत वाढलेला, तबेल्याचा वास, दुधाचे कॅन लटकवलेल्या बाइक आणि रस्ताभर मोठाल्या गोगलगायी, एवढ्या की हँडल सारखं डावं-उजवं करत त्यांना चुकवत जावं लागतं, त्यातली एखादी बरोब्बर चाकासमोर येऊन शिंगं आत घेऊन बसणार. वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना गोरेगावपर्यंत तोंडावर, पण परतीला पाठीवर, फुकटात ढकलत आणतो. अंधारात एकट्याने मात्र जाऊ नका, बिबटे आहेत.

मार्चमध्ये उलटं, सकाळी जमिनीवरचा गरम वारा सुटतो, समुद्राकडचा यायला उशीर करतो आणि तोवर आपण भाजून निघतो. ऑक्टोबरबद्दल बोलायलाच नको.

पावसाचा त्रास एकच, टी-शर्टच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची रेघ. आई दरवर्षी म्हणायची मडगार्ड लाव, मला ते दिसायला आवडत नाही, पण यंदा लावलं बाबा एकदाचं. मागचंच लावलंय. आता पुढच्या चाकाचा चिखल चष्म्यावर येतो.