तुम्ही विचारलंत म्हणून: बॉल पुसायचा कशाने?

"मॅडम, हा बॉल तुम्ही पुसता कशाने?" शेजारच्या लेनवरचं कोणीतरी हे विचारतंच. बोलिंगचा स्वतःचा बॉल पिशवीतून काढणारी साठीतली बाई नाशकात रोज दिसत नाही, तेव्हा विचारणं साहजिक आहे. गंमत अशी की विचारणाऱ्याकडे उत्तरही तयार असतं. "आमच्या सातपूरला थिनर मारतात, एका फटक्यात लख्ख!" कोणी रॉकेल सुचवतं, कोणी नेलपॉलिश रिमूव्हर. एका काकूंनी अगदी मनापासून पितांबरी सुचवली होती.

मी नोकरीभर अंबडच्या एका कारखान्यात रबराचे सील तपासले, त्यामुळे माझं डोकं त्याच वाटेनं जातं. नायट्रिल रबराची ओ-रिंग एमईके नावाच्या द्रवात टाका. एमईके म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन, शाई आणि रंगाच्या कारखान्यांत नेहमी लागणारं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव. थोड्या वेळात रिंग फुगते, मऊ पडते. वरचा मळ गेलेला असतो, पण रिंगही कामातून गेलेली असते. म्हणून कशानं जास्त स्वच्छ निघेल हे मी नंतर बघते. आधी बघते, ज्याला पुसायचंय त्याला ते सोसेल का.

बॉलच्या बाबतीत हे अमेरिकेत फार पूर्वी दिसून आलंय. 1973 साली डॉन मॅककून हा व्यावसायिक बोलर आपले बॉल एमईकेमध्ये भिजवून ठेवायचा. वरचं कवच मऊ व्हायचं, बॉल लेनला जास्त धरायचा आणि पिनांकडे जोरात वळायचा. त्या वर्षी त्यानं सहा स्पर्धा जिंकल्या आणि वर्षातला सर्वोत्तम खेळाडूही ठरला. पुढे बॉलच्या कडकपणाला किमान मर्यादा आली. आज तो ड्युरोमीटरनं, शोअर डी स्केलवर मोजतात. आमच्या लॅबमध्ये त्याच जातीचं यंत्र असायचं, फक्त रबरासाठी ए स्केलचं. थिनरवाल्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. त्यानं जे ठरवून केलं, तेच तुम्ही साफसफाईच्या नावाखाली नकळत कराल. शिवाय नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा असणारं अ‍ॅसिटोन बोटांच्या भोकांतल्या रबरी इन्सर्टचा, म्हणजे आत बसवलेल्या नळीचा, गोंदही सोडवतं.

आता मळ म्हणजे नक्की काय, ते बघू. लेनच्या लाकडाचं किंवा सिंथेटिक पृष्ठभागाचं रक्षण व्हावं म्हणून त्यावर खनिज तेलाचा पातळ थर देतात. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून बॉल टाकायचा त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत 60 फूट अंतर असतं. त्यात साधारण पुढच्या 40 फुटांपर्यंत तेल, शेवटचा भाग कोरडा. एका लेनला लागतं साधारण 20 ते 30 मिलिलिटर, म्हणजे भाजीच्या फोडणीला घालावं तेवढंच. बॉल फिरत जातो आणि अंगावर तेलाची वर्तुळं घेऊन परत येतो. त्या तेलावर धूळ बसते आणि बॉल परत आणणाऱ्या यंत्राच्या पट्ट्याचे काळे डागही.

पुढचं सगळं बॉल कुठल्या जातीचा आहे त्यावर आहे. मॉलमध्ये रॅकवर ठेवलेले रंगीत बॉल बहुतेक पॉलिएस्टरचे. ते तेल पीत नाहीत. ओल्या फडक्यावर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. झालं. माझा बॉल रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा. हे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आले. यांच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि ती तेल ओढून घेतात. म्हणून पुसायची खरी वेळ घरी गेल्यावर नाही, खेळ संपल्या संपल्या. मी प्रत्येक फेकीनंतर मायक्रोफायबरच्या टॉवेलनं कोरडं पुसते आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरते, 70 टक्क्यांचं. ते मेडिकलमध्ये मिळतं. फडक्यावर घ्यायचं, बॉलवर ओतायचं नाही आणि भोकांत जाऊ द्यायचं नाही. पेट घेतं, तेव्हा देवघरातल्या निरांजनाजवळ किंवा गॅसशेजारी हा उद्योग नको. बोलिंगसाठी बनवलेली क्लीनरही चांगली असतात, फक्त बाटलीवर कोणत्या कवचासाठी आहे ते वाचून घ्या.

कोविडनंतर घरोघरी उरलेल्या हँड सॅनिटायझरबद्दलही विचारणा होते. अल्कोहोल त्यातही आहे, पण हातांसाठी ग्लिसरीन घातलेलं असतं आणि ते बॉलवर चिकटून राहतं. हात पुसा त्यानं.

पितांबरी, राख, हिरवी घासणी, तारेची घासणी यांची तऱ्हा वेगळी. ही रसायनानं नाही, घासून काम करतात. बॉलच्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा हा खेळाचाच भाग आहे. 500 पासून 4000 ग्रिटपर्यंतची (आकडा जितका मोठा, तितकं बारीक) खास पॅड त्यासाठी असतात आणि बॉल किती लवकर वळणार हे त्यावर ठरतं. घासणीनं इकडे जास्त, तिकडे कमी असे ओरखडे उठले की पुढची फेक कुठे जाईल याचा भरवसा उरत नाही. काकूंचं तांब्याचं तपेलं मात्र खरंच झगझगीत असतं, त्याबद्दल वाद नाही.

मुरलेलं तेल काढायला काही जण बॉल गरम पाण्यात ठेवतात. मीही करते, क्वचित आणि भीत भीत. हात सहज बुडवता येईल इतकंच कोमट पाणी, भोकांवर पाणी न शिरणारी चिकटपट्टी, वीसेक मिनिटं, मग वर आलेलं तेल पुसून घ्यायचं. गीझर पूर्ण तापवून सरळ बादली भरू नका. आणि बॉल गार असताना तर मुळीच नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशकाची पहाट दहा अंशांच्या खाली उतरते. गॅलरीत रात्रभर गारठलेला बॉल गरम पाण्यात सोडला तर कवच आणि आतला गाभा सारखे प्रसरण पावत नाहीत, तडा जाऊ शकतो. मे महिन्यात हेच उलट्या बाजूनं. बाहेर चाळीस अंश असताना बंद गाडीच्या डिकीत बॉल ठेवून गंगापूर रोडला आइस्क्रीम खात बसायचं नाही. ओव्हन, डिशवॉशर हे शब्दही माझ्यासमोर काढू नका.

स्पर्धा खेळणाऱ्यांनी आणखी एक करावं. सामन्यादरम्यान काय चालतं याचे नियम वेगळे असतात. अमेरिकेत बोलिंगचे नियम ठरवणाऱ्या यूएसबीसी या संस्थेनं 2019 मध्ये खेळ सुरू असताना द्रव क्लीनर वापरणं बंद केलं होतं. तेव्हा आयोजकांना आधी विचारून घ्या. कोरडा टॉवेल मात्र निर्धास्त न्या.

तो टॉवेल वेगळा धुवा. घरच्या कपड्यांत टाकलात तर तेल पोरांच्या शर्टाला लागतं. फॅब्रिक सॉफ्टनरही नको, कारण त्याचा थर धाग्यांवर बसला की टॉवेल तेल उचलत नाही, नुसतं पसरवतो.