एक एन.सी. आणि चार फेऱ्या

सोसायटीच्या ग्रुपवर रात्री एका सभासदाने फोटो टाकला. माझ्याच हस्ताक्षरातलं खर्चवहीचं पान, त्यावर लाल गोल, खाली ओळ : 'खजिनदाराने लिफ्टचे पैसे खाल्ले.' गोलात होतं 'लिफ्टसाठी उचल'. पुढच्या ओळीत ठेकेदाराला दिलेली रक्कम आणि पावतीचा नंबर होता, पण फोटो तिथेच कापलेला. त्या ओळीच्या वेलांट्या तेवढ्या कडेला डोकावत होत्या. सकाळी वॉचमनने नजर चुकवली, तेव्हा कळलं की गोष्ट ग्रुपबाहेर गेली आहे.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारलं, "मारलं का? शिवी दिली? मग काय झालं, काका?" मी म्हटलं, अब्रू गेली. ते म्हणाले, "कोर्टात जा." अब्रुनुकसानी अदखलपात्र आहे, त्यामुळे पोलीस परस्पर तपास करत नाहीत, हे खरं. पण नोंद करून तुम्हाला न्यायाधीशांकडे जायला सांगणं हे त्यांचं काम आहे, आणि तेच ते टाळत होते. दुसऱ्या फेरीत साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या फेरीत दोन तास बाकावर बसून एकदाची एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची प्रत, मिळाली. घरी येऊन वाचली, तर गैरअर्जदार म्हणून माझंच नाव! मीच माझी बदनामी केलेली. चौथी फेरी त्या दुरुस्तीसाठी. "एवढं काय, नावं तर दोन्ही आहेत ना," हे वाक्य आजही आठवलं की डोकं फिरतं. तेव्हा प्रत हातात पडली की तिथेच उभं राहून वाचा.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं : ग्रुप सोडू नका. मी रागात सोडणारच होतो, मुलीने फोन हिसकावला. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ मेसेज फोनमध्ये ठेवा, चॅट एक्सपोर्ट करा. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

वकिलांकडचं काम आठवड्यात उरकलं. 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या, 499-500 ऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम 356 लागतं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा मात्र मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात टाकावा लागतो. पोलिसांच्या भरवशावर बसलेल्यांचं ते वर्ष असंच निघून जातं.

कोर्टापर्यंत जावं लागलं नाही. वकिलांची नोटीस मिळताच त्या सभासदाने ग्रुपवर माफी टाकली, रात्री 11.40 ला. सकाळपर्यंत ती शुभेच्छांच्या फुलांखाली गाडली गेली. मी ती प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली, शेजारी वहीचं पूर्ण पान. वॉचमनने दोन्ही कागद सावकाश वाचले आणि म्हणाला, "साहेब, त्या फोटोत ही खालची ओळ नव्हती."