चपला कुठे काढायच्या?

आमच्या मजल्यावर लिफ्टशेजारी पाटी लागली आहे : 'सामाईक जागेत चपला ठेवू नयेत.' पाटीखाली अकरा जोड होते. लिफ्ट येत नव्हती, म्हणून मोजले.

बिचाऱ्या रहिवाशांना तरी काय बोलणार! बाहेर कुठे संपलं आणि घर कुठे लागलं, हे आपण चपलांवरूनच ठरवत आलो. शनिवार पेठेतल्या माझ्या आजोळच्या वाड्यात दिंडी दरवाजातून आत पाऊल टाकलं, तरी माणूस आत आला असं कुणी धरत नसे. आधी देवडी, मग चौक, चौकातला नळ आणि नळावरची भांडणं, मग ओसरी. पोस्टमन देवडीपर्यंत, भाजीवाली चौकापर्यंत, व्याही ओसरीवरच्या झोपाळ्यापर्यंत. माजघरात फक्त घरचे. चपला ओसरीच्या पायरीशी. आणि रस्त्याकडेचा ओटा? मालकी आजोबांची, वहिवाट अख्ख्या गल्लीची. त्यावर पत्ते खेळणाऱ्यांना आजोबा रोज रागवत आणि रोज चहा पाठवत.

तुळशीबागेत ही गंमत अजून शिल्लक आहे. क्लिपा, बांगड्या, पितळी भांडी यांच्या गर्दीतून वाट काढत आत शिरलं, की एकदम मोकळं पटांगण आणि राममंदिराचं शिखर. नारो अप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये या मंदिराचं काम सुरू केलं. दर्शन हे बरेचदा निमित्त. पिशव्या टेकवून बायका घटकाभर बसतात, घासाघीस करून वाचवलेले वीस रुपये पुन्हा मोजतात. बाजार मागे राहिला, देऊळ अजून यायचंय. चपला पायातच.

१७४८ मध्ये जाम्बातिस्ता नोल्ली नावाच्या गृहस्थाने रोमचा नकाशा छापला. घरं गडद, रस्ते पांढरे. पण चर्चच्या आतल्या जागाही त्याने रस्त्यासारख्या पांढऱ्या सोडल्या, कारण तिथे कुणीही जाऊ शके. तसा आपल्या पेठांचा नकाशा काढायला बसलो तर तुळशीबागेचं पटांगण पांढरं. मंडईची १८८६ ची अष्टकोनी इमारत पांढरी. डोक्यावर छप्पर, पण वागणूक रस्त्याची. वाड्यांपाशी मात्र नोल्लीची पंचाईत झाली असती. देवडी फिकट करडी, चौक जरा गडद, ओसरी आणखी गडद. पेन्सिली पुरल्या नसत्या.

मॉलला मी काळा रंग देईन. भिंती काचेच्या, आतलं सगळं दिसतं, पण दाराशी पिशवी उघडून दाखवावी लागते. असं स्वागत तर आजोबांनीही कधी कुणाचं केलं नाही. त्यापेक्षा जंगली महाराज रस्त्याचा रुंद केलेला पदपथ बरा. तिथल्या बाकावर दुपारी दोघं डबा उघडतात, लोणच्याचा वास सुटतो, आणि जाणारे-येणारे जरा लांबून वळसा घेतात, कुणाच्या पंक्तीतून जाऊ नये तसे.

भाद्रपदात तर नकाशा पुन्हाच काढावा लागेल. काल जिथे बस हॉर्न वाजवत होती, तिथे आज मांडव, आणि लोक भर डांबरावर चपला काढून हात जोडतात. आमच्या सोसायटीचा गणपती पार्किंगमध्ये बसतो. परवाच्या आरतीला पाटी लावणारे सेक्रेटरी उशिरा आले. इकडेतिकडे पाहिलं, माझ्या गाडीच्या मागच्या चाकाशी चपला नीट जोडून ठेवल्या आणि झांजा घ्यायला पुढे गेले.