काही घडत नाही म्हणे

आमच्या घरात सिनेमावरचा निकाल धाकटे दीर देतात आणि तो बहुधा तीन शब्दांत असतो: काही घडतच नाही. चपला घालता घालता देतात, म्हणजे वाद घालायला कुणी थांबूच नये. गेल्या वर्षी मी आग्रह करकरून दाखवलेल्या दोन मराठी सिनेमांना त्यांनी हाच शेरा मारला. तेव्हापासून त्याचं उत्तर माझ्या डोक्यात तयार आहे, पण जेवणाच्या टेबलावर ते पुरं करू देत नाहीत. म्हणून इथे लिहिते.

पहिला 'स्थळ'. हा मी खरं तर दोनदा पाहिला, एकदा माहेरी आईबरोबर आणि मग नाशकात सासरच्यांबरोबर. माहेर माझं वरोऱ्याचं. जयंत सोमलकरांनी सिनेमा काढला तो आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, बरेचसे चेहरे तिथल्याच लोकांचे. 2023 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात तो गाजला, बक्षीसही मिळालं. आपल्याकडे थिएटरात यायला मात्र 2025 चा मार्च उजाडला, आणि तेव्हा जिकडेतिकडे 'छावा' चालू होता. आम्हाला मिळाला दुपारचा अडनिडा खेळ. खुर्च्या निम्म्याहून जास्त रिकाम्या, एसी मात्र हुडहुडी भरेल इतका.

गोष्ट सविताची. कॉलेजात शिकते, शिकून नोकरी करायची आहे. घरात तिच्या लग्नाची घाई, बाप कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला. सुरुवातीलाच एक स्वप्न आहे. त्यात मुलगा समोर बसलाय आणि बायका त्याला बघायला आल्या आहेत. नाव काय, शिक्षण काय, उंची किती? थिएटरात हशा पिकतो. मग सविता जागी होते आणि तेच प्रश्न तिच्यावर येतात. पाहुणे येतात, रांगेने बसतात, विचारतात, जातात. दुसरे येतात. तेच प्रश्न, तोच सूर. तिसऱ्या खेपेला आमचे दीर घड्याळ बघू लागले. 'अहो भावोजी,' मी म्हटलं, 'तुम्हाला तासाभरात कंटाळा आला. तिला हे वर्षानुवर्षं करायचंय.' तेच ते पुन्हा दाखवलंय हा या सिनेमाचा दोष नाही, तीच त्याची गोष्ट आहे. एकच प्रसंग जोरदार संगीत लावून दाखवला असता तर आपण डोळे पुसून घरी आलो असतो. इथे आपली चिडचिड होते, आणि ती व्हायलाच हवी.

आईचं मत मात्र वेगळंच. सिनेमा संपून दिवे लागल्यावर ती म्हणाली, "हे तं रोजचंच हाय. याचा का पिक्चर काढाचा?" मी गप्प. रिक्षात बसल्यावर थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्या मायचं बराबर दाखवलं. दाराआडून आयकते न ते." आईचं सगळं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. मला बघायला लोक यायचे तेव्हा ती स्वतः कुठे उभी असायची, हे मी तोवर कधी विचारलंच नव्हतं. रिक्षातही विचारलं नाही, रिक्षावाला भारी कान देऊन ऐकत होता.

(नंदिनी चिकटे या मुलीचं काम बघाच. सविता जवळजवळ काही बोलत नाही, पण उत्तर देताना तिची मान प्रत्येक वेळी जरा वेगळी खाली जाते.)

दुसरा 'साबर बोंडं'. रोहन कानवडे यांचा. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालेला सिनेमा, आणि तरी आमच्या शहरात तो शोधत हिंडावं लागलं. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. अनवाणी राहायचं, हे खायचं नाही, ते करायचं नाही. आणि सुतकातच नातेवाईक त्याच्या लग्नाचं काढतात. आनंदला बायको नको आहे, त्याचा जीव लहानपणच्या मित्रात, बाळ्यात आहे. हे कुणी ओरडून सांगत नाही. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी बसून असतो, सुतकाच्या घरात आपण बसतो तसा.

सासरे गेले तेव्हा आमच्या ओसरीवर अगदी हेच बोलणं चाललं होतं. माणूस जाऊन चार दिवस झाले नव्हते आणि एक आतेसासूबाई धाकट्या भावोजींसाठी मुलगी सुचवत होत्या. त्यामुळे 'काही घडत नाही' हे निदान त्यांनी तरी म्हणू नये. मी तसं म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "ते घडलं, पण त्याचं तिकीट नव्हतं लावलं." याला मात्र मी हसले.

त्यांचा आवडता सिनेमा 'दशावतार'. 'साबर बोंडं'सारखा तोही 2025 च्या सप्टेंबरातला, आणि तिथे गर्दी अशी की आम्हाला वेगवेगळ्या रांगांत बसावं लागलं. माझं म्हणणं थोडक्यात सांगते. नजर अधू झालेला, तरी तोंडाला रंग लावल्याशिवाय चैन न पडणारा बाबुली दिलीप प्रभावळकर ज्या ताकदीने उभा करतात, त्याला तोड नाही. 1944 चा जन्म त्यांचा! बाप आणि मुलगा एकत्र असतात तोवर मी पुढे सरकून बघत होते. नंतर सूडाचं प्रकरण सुरू झालं, संगीताचा आवाज वाढला, आणि खाणीचा, जमिनीचा जो खरा प्रश्न होता तो खलनायकाला धडा शिकवण्यात विरून गेला. घडलं मात्र भरपूर, हे मान्य.

जाऊबाई एरवी सिनेमावर बोलत नाहीत. 'साबर बोंडं'मुळे आमचं दोघींचं वाजलं ते आनंदच्या आईवरून. तिला मुलाचं सगळं माहीत आहे, आणि नातेवाइकांसमोर ती त्याच्या लग्न न करण्याला भलतंच कारण देते. जाऊबाई म्हणतात, एवढं पोटात घेतलं होतं तर चारचौघांत खरं सांगायला काय झालं? मी म्हणते, त्या ओसरीवर, त्या लोकांत, दहा दिवस मुलाला सुखाने राहू द्यायचं तर तिच्या हातात दुसरं काय होतं? जाऊबाईंना हे पटत नाही. त्यांचा मुलगा यंदा बारावीला आहे. त्या म्हणतात, "मी असते तर सांगितलं असतं." भावोजी तिथेच बसले होते, त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.