तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

तुळशीचं लग्न लागलं की त्यानंतरच्या रविवारी नाशकातल्या आमच्या कथालेखक मंडळाचा वार्षिक मेळावा भरतो. तोवर बहुतेक दिवाळी अंक बाजारात आलेले असतात आणि लेखकाला पोस्टाने येणारी प्रत, जी नेहमी सगळ्यांत उशिरा येते, तीही घरी पोचलेली असते. वर्षभर दर महिन्याला आम्ही कच्च्या कथा वाचतो, भांडतो, चहा पितो. मेळावा मात्र छापून आलेल्या कथांचा.

टेबलावर पांढरी चादर अंथरायची आणि त्यावर सगळे अंक, नवी पुस्तकं मांडायची. आपल्या सभासदाची कथा ज्या पानावर असेल तिथे रंगीत चिठ्ठी. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एक ताई अंकासोबत त्याचं पाकीटही आणतात, कारण त्यावर संपादकांच्या हातचं त्यांचं नाव असतं. मंडळी येतात आणि खुर्ची पकडायच्या आधी टेबलापाशी थांबतात. चिठ्ठी असलेलं पान उघडायचं, नाव वाचायचं, चित्रकाराने कथेला काय चित्र काढलंय ते बघायचं, मग लेखकाला शोधून त्याच्या पाठीवर थाप. हा पहिला अर्धा तास मला सगळ्या कार्यक्रमापेक्षा प्रिय आहे.

कार्यक्रमाची सुरुवात आमच्यातले ज्येष्ठ काका करतात. दर वर्षी ते १९०९ सालापासूनच सुरू होतात. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला ते साल. नव्या मुलांना हे ठाऊक असायलाच हवं असा त्यांचा आग्रह आणि मला तो पटतो. ज्या दाराने आपण आत आलो ते कोणी उघडलं, हे माहीत हवंच. मराठी कथा लिहिणाऱ्याला आजही पहिली ओळख मिळते ती बहुधा दिवाळी अंकातून. गावोगावचे वाचक ग्रंथालयात नंबर लावून ते अंक घरी नेतात. आमच्या टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयाला तर १८४० पासूनचा इतिहास आहे.

मेळाव्याचा एक नियम कोणी घातला ते आता कोणाला आठवत नाही, पण तो मोडलेला मी पाहिला नाही. छापून आलेली कथा लेखकाने स्वतः वाचायची नाही. दुसऱ्या सभासदाने वाचायची आणि लेखकाने समोर बसून ऐकायची.

या नियमाचं मोल मला कळलं ते एसटीतल्या आमच्या वाहकदादांच्या कथेच्या वेळी. दादा नाशिक-सुरगाणा फेरीवर असायचे. मुक्कामाच्या गाडीला गेले की रात्री वही काढायचे. त्यांच्या कथेत कोंबडी घेऊन गाडीत चढलेली एक म्हातारी होती आणि तिकिटावरून घासाघीस होती. शेवटी वाहक स्वतःच्या खिशातून पैसे भरतो आणि मनात माणुसकीविषयी बरंच काही बोलतो. मासिक बैठकीत कथा वाचून झाल्यावर सगळे गप्प. मग काका म्हणाले, “दादा, शेवटचा परिच्छेद काढा. पैसे भरले, तिकीट फाडलं, घंटी मारली. संपली गोष्ट.” दादांना ते लागलं. पुढच्या दोन बैठकांना ते फिरकले नाहीत. तिसऱ्या बैठकीला आले ते नवा खर्डा घेऊन. परिच्छेद नव्हता. उलट म्हातारी कोंबडीशी काय बोलते ते चार ओळींत आलं होतं आणि त्या चार ओळींनी कथा उभी राहिली होती.

ती कथा दिवाळी अंकात आली तेव्हा दादा ड्युटीवर होते. जुन्या सीबीएस बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर त्यांनी अंक चाळला आणि स्वतःचं नाव पाहिलं. मेळाव्याला त्यांच्यासोबत गाडीचे चालकदादा आले, फेरीवरून थेट, खाकी गणवेशातच. कथा ताईंनी वाचली. घंटीची ओळ आली तशी चालकदादांनी मांडीवर मूठ आपटली. ते सारं दादा बघत होते. लेखकाला आपला वाचक असा समोर बसलेला क्वचितच दिसतो.

सिन्नरच्या वहिनींचा कथासंग्रह आला तो मेळावा तर पुस्तकाचाच झाला. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून त्यांचं पहिलं पुस्तक निघालं. प्रकाशनासाठी मोठा पाहुणा बोलावू, असं आम्ही म्हणत होतो. वहिनींनी ठाम सांगितलं की पुस्तक सरांच्याच हातून निघेल. सर म्हणजे आमचे निवृत्त मराठीचे शिक्षक. वहिनींच्या प्रत्येक कथेचा प्रत्येक खर्डा त्यांनी लाल पेनाने तपासला होता, ऱ्हस्व-दीर्घापासून सासू-सुनेच्या संवादापर्यंत. सरांनी वेष्टन सोडलं, पहिलं पान उघडलं आणि सवयीने खिशातलं पेन काढलं. सभागृह हसलं, वहिनींच्या डोळ्यांत पाणी.

पैसे भरून पुस्तक काढून घेण्याची सोय आता सगळीकडे आहे आणि आमच्यातल्या काहींनी ती घेतलीही. त्यांचंही पुस्तक टेबलावर तितक्याच मानाने असतं. पण कोणीतरी परखड माणूस आधी कथेशी झटला असेल तर पुस्तकाला वेगळं बळ येतं, असं माझं मत आहे.

‘साभार परत’ आलेल्यांनाही मेळाव्यात जागा असते. एका वर्षी विहितगावच्या मुलाने संपादकांचं नकाराचं पत्र वाचून दाखवलं. भाषा जिवंत आहे, घाई फार झाली, पुन्हा पाठवा, अशा अर्थाचं. संपादकाने वेळ काढून लिहिलेल्या त्या मोजक्या ओळींना छापील कथेइतक्याच टाळ्या पडल्या. “तुझ्या गावाने बाबुराव बागूल दिलेत, घाई करू नकोस,” असं म्हणत काकांनी त्याच्या हातात बागुलांचा १९६३ चा पहिला कथासंग्रह ठेवला. दोन दिवाळ्यांनंतर त्या मुलाची कथा चिठ्ठी लावून टेबलावर होती.

२०२० चा मेळावा मोबाइलच्या पडद्यावर झाला. त्या साली आमच्या कथाही जास्त करून ई-अंकांत आल्या. कथा वाचल्या गेल्या, पण टेबलाभोवतीची गर्दी नव्हती, चहा आणि कोंडाजीचा चिवडा नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा भेटलो तेव्हा मंडळी टेबलापासून हलायलाच तयार नव्हती.

आता वाहकदादांचा पहिला संग्रह येतोय. मुद्रितं सध्या सरांकडे आहेत, म्हणजे लाल पेन चालू आहे. मुखपृष्ठावर एसटी हवी की म्हातारी, यावर बैठकीत दोन तट पडलेत. मेळाव्यात त्यातली कथा कोण वाचणार यावरही ओढाताण आहे आणि चालकदादांनी आपला हक्क आधीच सांगून ठेवलाय.